म्हातारपणचा विसर आणि जंतू

म्हातारा माणूस जेवून उठतो आणि पुन्हा ताट मागतो. लेकाचे नाव विसरतो. लोक म्हणतात, "म्हातारचळ लागलाय." पण हा चळ नव्हे, मेंदूचा रोग आहे. जर्मनीतील डॉक्टर अल्झायमर यांनी तो १९०६ साली प्रथम मांडला. त्यांचेच नाव रोगाला पडले.

हा रोग का होतो? जंतूंचाही त्यात हात असावा, असे काही शास्त्रज्ञांना वाटते. ते कसे, ते आम्ही सांगतो.

नागीण आपल्याला ठाऊक आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचे जंतू अंगातच दडून राहतात. म्हातारपणी ताकद घटली, की तेच नागीण होऊन उठतात. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात २०१३ साली नागिणीची लस सुरू झाली. ऐंशी वर्षे पुरी झालेल्यांना ती मिळाली नाही. थोड्याच दिवसांनी लहान असलेल्यांना मिळाली. पुढच्या सात वर्षांचा हिशेब २०२५ साली छापून आला. लस घेतलेल्यांत विसराचे रोग सुमारे एक-पंचमांश कमी निघाले. म्हणजे जिथे पाचांना व्हायचा, तिथे चौघांनाच झाला.

जंतू हेच मूळ कारण, असे अजून ठरलेले नाही. मात्र हा रोग शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने लागत नाही. म्हणून अशा माणसाला दूर बसवू नका, त्याच्यावर रागावू नका. त्याला डॉक्टरांना दाखवू या आणि मायेने सांभाळू या.