संगणकाची कार्यप्रणाली बदलताना : अदृश्य खर्चाचे अर्थकारण

विंडोज एक्सपी या कार्यप्रणालीचे साहाय्य मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविले; विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अशा प्रत्येक वेळी शासकीय कार्यालये, शाळा व लघुउद्योग यांना नवी कार्यप्रणाली बसवावी लागते. परवाना शुल्क हा त्यातील केवळ दृश्य खर्च होय. जुने काम नव्या व्यवस्थेत नेण्याच्या श्रमाला व जोखमीला अर्थशास्त्रात ‘परिवर्तन खर्च’ म्हणतात. तो जितका अधिक, तितका ग्राहक एकाच पुरवठादाराशी बांधला जातो.

या स्थलांतराचे तीन घटक आहेत. पहिला, फाइली. त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती उघडून तपासणे पुरेसे असते. मात्र कूटबद्ध फाइलींची किल्ली जपली नसेल, तर प्रत असूनही मजकूर वाचता येत नाही. दुसरा घटक मांडणीचा, म्हणजे वापरकर्त्याने केलेल्या निवडींचा. विंडोजमध्ये ही माहिती वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये व ‘रजिस्ट्री’ या नोंदकोशात विखुरलेली असते. तिसरा घटक प्रोग्रॅम. बसविताना बहुतेक प्रोग्रॅम रजिस्ट्रीत नोंदी करतात व सामाईक फाइली अन्यत्र ठेवतात. म्हणून केवळ त्यांचे फोल्डर उचलून चालत नाही. मूळ संच व परवाना क्रमांक वापरून ते पुन्हा बसवावे लागतात. याउलट, लिनक्समध्ये वापरकर्त्याचा ‘होम’ विभाग स्वतंत्र ठेवल्यास फाइली व बहुतांश वैयक्तिक मांडणी जागच्या जागी राहते.

भारतीय भाषांपुढे आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. जुन्या अभिलेखांच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे. केंद्र शासनाने २००९ मध्ये ई-शासनासाठी युनिकोड हे मानक स्वीकारले, २०१० मध्ये मुक्त मानकांचे धोरण आखले आणि २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या अंगीकाराचे धोरण जाहीर केले. या तिन्हींमुळे परिवर्तन खर्च घटण्यास मदत होते.

तात्पर्य, सॉफ्टवेअर खरेदी करताना आजच्या किमतीबरोबरच उद्या त्यातून बाहेर पडण्याचा खर्चही मोजला पाहिजे. सार्वजनिक अभिलेख कोणत्याही एका प्रोग्रॅमच्या आयुष्याशी बांधलेले नसणे, ही सुशासनाची पूर्वअट आहे.