एमजीबीचं दार आणि दुसरी ‘खट्ट’

जुन्या गाडीचं दार एका ढकलण्यात लागलं नाही की माणूस ते आपटतो. मग आणखी जोरात आपटतो. काही दिवसांनी त्या दाराची एक रीतच पडून जाते: हँडल धरायचं, दार जरा वर उचलायचं आणि मग ढकलायचं. मालकाच्या ते अंगवळणी पडतं, शेजारी बसणाऱ्याला मात्र दर वेळी समजावून सांगावं लागतं. या आपटण्याने लॅचचे दात झिजतात, बिजागरीची पिन सैल होते आणि दुखणं वाढत जातं. जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तर मी आग्रहाने सांगेन की, दार अडतंय म्हणजे दोष लॅचमध्येच आहे असं धरून चालू नये. ते का, हे एमजीबी या गाडीवरून फार चांगलं कळतं.

आपल्याकडे आज एमजी म्हटलं की गुजरातमधल्या हालोलच्या कारखान्यातून येणारी हेक्टर आठवते. पण या नावाचा जन्म ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसमधला, आणि नंतरची कित्येक दशकं या गाड्या तिथून जवळच असलेल्या अ‍ॅबिंग्डन गावात तयार होत होत्या. १९६२ साली सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखाली घडलेली एमजीबी बाजारात आली. १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत एमजीबीच्या सगळ्या प्रकारांच्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. मुळात दोन माणसांची, उघड्या टपाची, १८०० सीसी इंजिनाची, साध्या अवजारांनी घरी खोलता येणारी ही गाडी. म्हणूनच ब्रिटनमध्ये आजही हजारो लोक ती स्वतःच्या हाताने सांभाळतात.

आता लॅचकडे येऊ. गाडीगणिक आकार बदलतो, पण तत्त्व बहुतेक ठिकाणी एकच. दारामागच्या खांबावर एक पक्का तुकडा बसवलेला असतो, तो स्ट्रायकर. दाराच्या कडेला असलेल्या लॅचमध्ये फिरणारा एक काटा असतो. दार ढकललं की स्ट्रायकर काट्याच्या खाचेत शिरतो, काटा फिरतो आणि मागून एक छोटी खिट्टी स्प्रिंगच्या जोराने त्याच्या दातात पडते. दात दोन असतात. पहिला अर्धवट धरतो, दुसरा पूर्ण. म्हणून नीट लागणारं दार दोनदा वाजतं: एक हलकी ‘खट्’ आणि लगेच दुसरी ठाम ‘खट्ट’.

हा दुसरा दात हौसेखातर आलेला नाही. अपघातात दार उघडून माणसं बाहेर फेकली जातात आणि त्यातच दगावतात, हे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या अपघात-अभ्यासातून १९५०च्या दशकात स्पष्ट झालं. फोर्डने १९५६च्या गाड्यांत जास्त घट्ट पकडणारी लॅचेस बसवली. पुढे १९६८च्या जानेवारीपासून लागू झालेल्या अमेरिकी नियमाने मोजमापच ठरवून दिलं: पूर्ण लागलेल्या लॅचने लांबीच्या दिशेने २,५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ११३४ किलोचा ताण सोसला पाहिजे, अर्धवट लागलेल्याने १,००० पौंडांचा. म्हणजे पहिल्या दातावर अडकलेलं दार बंद दिसतं, पण त्याची ताकद निम्म्याहून कमी. उघड्या टपाच्या, जमिनीलगत बसायच्या गाडीत तर हा धोका अजिबात पत्करू नये. दार दोरीने बांधून ‘तेवढं गॅरेजपर्यंत नेतो’ म्हणणाऱ्याला मी हात जोडून थांबवेन.

तपासणीची सुरुवात दार उघडं ठेवूनच करायची. स्क्रू-ड्रायव्हरच्या दांडीने काटा हळूच बंद दिशेला फिरवा. दोन्ही दात ऐकू आले पाहिजेत. मग हँडल ओढा. काटा टुणकन उघडला पाहिजे. इथेच काटा संथपणे, मलूलपणे परतला, किंवा खिट्टी दातात पडायला वेळ लावत असेल, तर दोष लॅचमध्ये आहे हे नक्की झालं. आणि उघड्या दारावर सगळं सुरळीत चालत असेल, तर लॅचला हात लावायचं कारण नाही. एवढ्या एका तपासणीने निम्मा गोंधळ मिटतो. मात्र तपासून झाल्यावर काटा हँडल ओढून पूर्ण उघडा केल्याशिवाय दार लावू नका. बंद काट्यावर स्ट्रायकर आदळला की काहीतरी वाकतंच.

लॅच का चिकटतं? ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थात धरून ठेवलेलं तेल. वर्षानुवर्षांत तेल झिरपून जातं, उरलेलं हवेने घट्ट होतं आणि त्यात रस्त्याची धूळ मिसळते. शेवटी जुन्या तुपाच्या डब्याच्या तळाशी बसतो तसा तपकिरी, चिवट थर खिट्टीच्या पिनेभोवती जमतो. खिट्टीची स्प्रिंग बारीक असते. या चिवटपणापुढे तिचं काही चालत नाही. थंडीत ग्रीस आणखी घट्ट होतं, म्हणून इंग्लंडच्या हिवाळ्यात सकाळी हटून बसणारं दार दुपारच्या उन्हात मुकाट लागतं. असा ऋतूप्रमाणे बदलणारा दोष दिसला की ग्रीसवरच संशय घ्यावा.

यावर बहुतेक जण डब्ल्यूडी-४०चा डबा उचलतात आणि फवारून मोकळे होतात. दार आठवडाभर छान चालतं, मग पुन्हा तेच. फवारा जुना थर सैल करायला उत्तम, पण मागे उरणारं पातळ तेल टिकाऊ वंगण नव्हे. पी हळद आणि हो गोरी असा हा मामला नाही. थर आधी धुऊन काढायला हवा. आतलं पॅनेल उतरवा, त्यामागचा ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद न फाडता सोडवा, लॅचचे स्क्रू काढून ते बाहेर घ्या. रॉकेलमध्ये किंवा ब्रेक क्लीनरने धुवा, दात घासायच्या जुन्या ब्रशने कोपरे घासा, काटा पुढे-मागे फिरवत राहा. निघणारा द्रव आधी काळा, मग चहासारखा, मग स्वच्छ येतो. पूर्ण वाळल्यावर पिनेवर आणि दातांवर पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात. जास्त लावलं तर पुन्हा धुळीला आमंत्रण. किल्लीच्या भोकात मात्र ग्रीस कधीच नको. तिथे कोरडी ग्राफाइटची पूड.

पॅनेल उघडलेलंच आहे तर हँडलपासून लॅचपर्यंतची जोडणीही बघून घ्यावी. १९६५पर्यंतच्या एमजीबीला बाहेरून ओढायचं हँडल होतं, नंतर बटण आलं. सुटे भाग मागवताना गाडीचं साल पाहायला विसरू नये. बटणाच्या मागे कमी-जास्त करता येणारा स्क्रू असतो. बटण दाबलेलं नसताना त्याच्या आणि लॅचच्या पट्टीमध्ये थोडी मोकळीक राहिली पाहिजे. ती नसेल तर पट्टी सतत जराशी दाबलेली राहते, खिट्टी दातात पुरती बसत नाही आणि चांगलं लॅचही सुटतं.

दार बंद अवस्थेतच अडकलं असेल तर जोर लावून बटण मोडू नका. एकाने बाहेरून दार आत दाबून धरावं, म्हणजे लॅचवरचा ताण उतरतो, आणि दुसऱ्याने त्याच वेळी आतलं हँडल ओढावं. टप उघडणाऱ्या गाडीत हे करायला आत शिरणं तरी सोपं.

दुर्लक्षित राहणारं आणखी एक कारण म्हणजे दाराभोवतीचं रबर. नवं रबर पुष्कळदा मूळच्यापेक्षा जाड किंवा कडक निघतं. ते काढून दार लावून पाहा. अलगद लागलं तर गुन्हेगार सापडला. रबर बसायला काही आठवडे लागतात. तेवढ्यासाठी स्ट्रायकर हलवला, तर रबर दबल्यावर दार खडखडू लागतं.

आणि आता खरी चिंतेची गोष्ट. एमजीबीच्या आधीच्या एमजीए गाडीला वेगळी चासी होती, वर बॉडी बसवलेली. एमजीबीत बॉडीच सगळा भार वाहते. त्यात छप्पर नाही. म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांमधला बराचसा ताण दाराखालच्या पेटीसारख्या पट्ट्यावर, म्हणजे सिलवर येतो. हा सिल बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा आणि आतला पत्रा असा जोडून केलेला असतो. पुढच्या चाकाने उडवलेला ओला चिखल मडगार्डच्या मागच्या पोकळीत साचतो, तिथून ओल सिलमध्ये उतरते आणि तो आतून कुजतो. बाहेरून रंग शाबूत असू शकतो. पण सिल अशक्त झाला की गाडी मधोमध किंचित खाली झुकते, दाराच्या वरच्या बाजूची मागची फट अरुंद होते, आणि लॅच व स्ट्रायकर एका रेषेत राहत नाहीत.

अशा वेळी स्ट्रायकर खाली-वर करत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आधी दाराभोवतीची फट वरपासून खालपर्यंत बोटाने चाचपा. ती सारखी आहे का? मग उघडं दार टोकाला धरून हलकेच वर उचला. बिजागरीजवळ हालचाल जाणवली तर पिन झिजली आहे. बिजागरी पक्की असूनही फट वर निमुळती होत असेल तर जॅक लावून बघा: गाडी उचलताना फट डोळ्यांदेखत बदलत असेल, तर सिलच्या आतला पत्रा गेला असल्याचा दाट संशय घ्या. ते काम वेल्डरचं. चांगला कारागीर जुना सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत पुढून मागे लोखंडी आधार टाकून घेतो. तो न टाकता कापलं, तर बॉडी मधून वाकते आणि नवा सिल त्याच वाकड्या आकारात वेल्ड होऊन बसतो. मग ते दार कोणत्याही लॅचने नीट लागत नाही. ज्यांच्या गाडीचं सगळंच पोखरलेलं असेल त्यांच्यासाठी ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीची अख्खी नवी बॉडी बनवते. खर्च मोठा, पण गाडी पुन्हा सरळ उभी राहते.

सिल, बिजागरी, रबर आणि लॅच ठीक असल्याची खात्री झाली की मगच स्ट्रायकर. जुन्या जागेभोवती पेन्सिलने रेघ ओढून ठेवा. स्क्रू पुरते काढू नका, फक्त सैल करा; अनेक गाड्यांत खांबाच्या आतली आटे असलेली पट्टी नुसती तरंगती असते आणि दोन्ही स्क्रू निघाले की ती आत घसरते. एका वेळी जेमतेम मिलिमीटरभर सरकवा, दार हळू लावा, पाहा. लावताना दार वर उचललं जात असेल तर स्ट्रायकर उंच आहे, खाली दबत असेल तर तो खाली आहे. बंद झाल्यावर दार मागच्या पत्र्याच्या पातळीला आलं पाहिजे, आणि बाहेरून ढकलल्यावर खडखडता कामा नये. दोन्ही खट्ट ऐकू आल्या की स्क्रू आवळा, मग काच खाली-वर करून, आतून-बाहेरून उघडून आणि किल्ली फिरवून पुन्हा एकदा बघा. शे-दोनशे किलोमीटर चालवल्यावर स्क्रू परत तपासायचे.