आंब्याचा मोहोर का बिघडतो?

आंबा हा फळांचा राजा आहे. आपल्या दापोली तालुक्यात पुष्कळ घरांचा वर्षाचा खर्च आंबा-काजूवर चालतो. आमची बारा कलमे आहेत. आंबा चांगला झाला की धान्य, कपडे, औषधपाणी सगळे भागते. पण आता आंब्याचा भरवसा राहिला नाही, असे बाबा म्हणतात. असे का झाले ते आपण पाहू या.

आंब्याला ऋतू वेळेवर लागतात. पावसाळा संपला की जमीन सुकते. मग थंडी पडते आणि कलमाला मोहोर फुटतो. पण दिवाळीनंतरही पाऊस पडला तर जमीन ओली राहते. मग मोहोराऐवजी पालवी येते. मोहोर आल्यावर मळभ आले किंवा पाऊस झाला तर तुडतुडे, भुरी आणि करपा पडतो. मोहोर काळा होऊन गळतो. थंडी फार लांबली तरी पंचाईत! कैऱ्या धरलेल्या असताना पुन्हा मोहोर येतो. झाडाचे अन्न तिकडे जाते आणि कैऱ्या गळतात. पुढे ऊन फार तापले की फळात साका होतो. वरून आंबा छान दिसतो, पण कापला की आत पांढरट आणि आंबट.

अवकाळी पाऊस पूर्वीही कधीमधी पडायचा. आता तो वरचेवर येतो, असे आजोबा सांगतात. बाईंनी आम्हाला याचे कारण समजावून दिले. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत साठतो. तो पृथ्वीवर गोधडीसारखा असतो. गोधडी जाड झाली की आपल्याला उकडते ना? तशीच पृथ्वी तापते. सुमारे दीडशे वर्षांत ती एक अंशापेक्षा जास्त तापली आहे. समुद्रही तापला. तापलेल्या समुद्राची वाफ जास्त होते आणि वादळाला जोर चढतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा मी अंगणवाडीत होते. आपल्याकडे नारळी, पोफळी, आंब्याची झाडे मुळासकट पडली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले आणि झाडावरचा आंबा खाली पडला.

याचा त्रास फक्त माणसांनाच होत नाही. मधमाश्या आणि माश्या मोहोरावर बसतात, म्हणून फळ धरते. पावसात त्या बाहेर पडत नाहीत. रोग वाढला की फवारणी वाढते आणि औषधाने त्या मरतात. मग फळ कसे धरणार?

यावर उपाय आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्यापासून ‘रत्ना’ नावाची जात काढली आहे. तिच्यात साका होत नाही. कलमाखालचे गवत जाळू नये, ते बुंध्याभोवती पसरावे. म्हणजे जमीन तापत नाही. मधमाश्या फुलांवर असतात तेव्हा सकाळी फवारणी करू नये. बागेच्या कडेची जंगली झाडे तोडू नयेत. आपण विजेचे दिवे विनाकारण चालू ठेवू नयेत.

आणि पालकांनो, तुमच्या कलमाला पहिला मोहोर कोणत्या तारखेला आला ते आम्हाला जरूर सांगा. आम्ही वर्गाच्या वहीत दरवर्षी लिहून ठेवणार आहोत. म्हणजे ऋतू किती सरकला ते आपल्या गावालाच कळेल.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी