एका गुणसूत्राला गप्प करणारा आरएनए

२२ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात मांजराचं एक पिल्लू जन्मलं. त्याचं नाव 'सीसी'. क्लोनिंगमधून जन्मलेलं हे जगातलं पहिलं मांजर. 'रेनबो' नावाच्या भाटीच्या पेशीतलं केंद्रक काढून ते एका रिकाम्या बीजांडात ठेवलं होतं आणि त्यातून सीसी वाढली होती. रेनबो तीन रंगांची होती : काळी, नारिंगी आणि पांढरी. सीसीच्या अंगावर मात्र नारिंगीचा मागमूस नव्हता. ती तपकिरी पट्ट्यांची आणि पांढरी निघाली. दोघींच्या केंद्रकातला डीएनए एकच असल्याचं चाचणीने सिद्ध झालं होतं. मग नारिंगी रंग गेला कुठे?

तो कुठेच गेला नव्हता. नारिंगी रंगाचं जनुक सीसीच्या पेशी-पेशीत होतं, पण बंद होतं. त्याला बंद करण्याची सुरुवात ज्याने केली, तो रेणू म्हणजे आरएनएचा एक लांबलचक धागा. या धाग्यापासून कधीही प्रथिन बनत नाही.

शाळेत शिकवला जाणारा क्रम साधा असतो : डीएनएवरून आरएनए उतरवला जातो आणि आरएनएवरून प्रथिन बनतं. यात आरएनए हा नुसता निरोप्या. हा संदेशवाहक आरएनए १९६१ साली सापडला आणि पुढची काही दशकं जनुक म्हणजे प्रथिनाची कृती, हेच समीकरण पक्कं राहिलं. मानवी जनुकसंचाचं वाचन झाल्यावर मात्र ते अपुरं पडू लागलं. आपल्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत आणि प्रथिनं घडवणारी जनुकं साधारण २०,००० आहेत. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या कृमीतही जवळपास तेवढीच जनुकं असतात. माणसाच्या डीएनएपैकी प्रत्यक्ष प्रथिनं लिहिणारा भाग दोन टक्क्यांहूनही कमी भरतो. उरलेल्या भागावरूनही पेशी पुष्कळ आरएनए उतरवून घेते. त्यातला कोणता आरएनए नेमकं काय करतो, हे सर्वांत तपशीलवार उलगडलं ते मांजर, उंदीर आणि माणूस यांच्या एक्स गुणसूत्रावर.

या शोधाची सुरुवातही मांजरांपासूनच झाली. १९४९ साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात मरे बार आणि त्यांचे विद्यार्थी इवर्ट बर्ट्राम मांजरांच्या मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. भाटीच्या पेशींच्या केंद्रकात एक गडद ठिपका दिसायचा, बोक्याच्या पेशींत तो नसायचा. पुढे त्याला 'बार बॉडी' म्हणू लागले. दहा वर्षांनी सुसुमु ओहनो यांनी दाखवलं की, हा ठिपका म्हणजे घट्ट आवळून बसलेलं अख्खं एक्स गुणसूत्र आहे.

त्याचा अर्थ लावला मेरी लायन यांनी. ज्या काळात केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना नावापुरतीच पदवी देत असे, त्या काळात त्या तिथे शिकल्या होत्या. इंग्लंडमधल्या हारवेल इथे त्या उंदरांवर संशोधन करत होत्या. त्यांच्यासमोर दोन गोष्टी होत्या. एकच एक्स गुणसूत्र असलेली उंदराची मादी सुदृढ असते आणि तिला पिल्लंही होतात. शिवाय रंगाची काही जनुकं एक्सवर असतात आणि अशा जनुकाच्या दोन वेगळ्या प्रती मिळालेल्या माद्या ठिपकेदार असतात. १९६१ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्याशा टिपणात त्यांनी मांडलं की, मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र भ्रूणावस्थेतच बंद होतं. आईकडून आलेलं बंद होणार की वडिलांकडून आलेलं, हे त्या पेशीपुरतं योगायोगाने ठरतं. एकदा ठरलं की त्या पेशीच्या सगळ्या लेकी-नाती तोच निर्णय पुढे चालवतात.

हे बंद करणं गरजेचं का असतं? माणसाच्या एक्स गुणसूत्रावर प्रथिनं घडवणारी ८०० हून अधिक जनुकं असतात. वाय गुणसूत्रावर शंभराच्या आतच. नराकडे एक एक्स आणि मादीकडे दोन. दोन्ही चालू राहिली असती, तर मादीत त्या शेकडो जनुकांची मात्रा दुप्पट झाली असती आणि भ्रूण जगला नसता.

तीन रंगांच्या भाटीचं अंग म्हणूनच गोधडीसारखं दिसतं. नारिंगी रंग ठरवणारं जनुक एक्सवर असतं. ज्या पेशीत नारिंगीवालं एक्स चालू राहिलं, तिच्या वंशजांनी व्यापलेला कातडीचा तुकडा नारिंगी होतो. शेजारच्या पेशीत दुसरं चालू राहिलं, तर तिथे काळं ठिगळ पडतं. पांढरा रंग वेगळ्याच, एक्सवर नसलेल्या जनुकातून येतो. बोक्याकडे एकच एक्स असल्यामुळे तो एक तर नारिंगी असतो किंवा काळा. क्वचित आढळणाऱ्या तिरंगी बोक्यांत बहुधा दोन एक्स आणि एक वाय अशी तीन लिंगगुणसूत्रं सापडतात. नारिंगी रंगामागचा नेमका बदल २०२५ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी जाहीर केला : एक्सवरच्या एका जनुकाजवळची सुमारे ५,००० अक्षरं गळलेली असतात. गळलेला हा भागही प्रथिन लिहिणारा नाही. तो नसल्यामुळे ते जनुक रंगपेशींत नको तिथे चालू होतं.

स्त्रियांच्या शरीरातही अशीच सरमिसळ असते, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. एक्सवरच्या एका जनुकातल्या दोषामुळे काही मुलांच्या त्वचेत घर्मग्रंथी नीट तयारच होत नाहीत. हा दोष एका एक्सवर वाहणाऱ्या त्यांच्या आयांच्या त्वचेवर घाम येणारे आणि कोरडे राहणारे पट्टे आलटून पालटून आढळतात.

लायन यांच्या सिद्धान्तानंतर तीस वर्षं एक प्रश्न अनुत्तरित होता : एवढं मोठं गुणसूत्र बंद करतं कोण? १९९१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात हंटिंग्टन विलार्ड यांच्या प्रयोगशाळेत कॅरोलिन ब्राउन यांना एक अजब जनुक सापडलं. ते बंद पडलेल्या एक्सवरूनच व्यक्त होत होतं आणि चालू एक्सवर मात्र गप्प होतं. त्याला नाव मिळालं 'झिस्ट'. पुढच्या वर्षी त्याची सगळी अक्षरं वाचली गेली. सुमारे १७,००० अक्षरांच्या या आरएनएत प्रथिन घडवता येईल असा सलग मजकूरच नव्हता. प्रथिनं बनतात केंद्रकाबाहेर आणि हा आरएनए तर केंद्रक सोडून बाहेर पडतच नव्हता. १९९६ मध्ये नील ब्रॉकडॉर्फ आणि सोहैला रस्तान यांच्या गटाने उंदराच्या पेशींत एका एक्सवरचं झिस्ट मोडून पाहिलं. ते एक्स बंद होणं थांबलं. कर्ता सापडला होता.

झिस्ट ज्या गुणसूत्रावर तयार होतो, त्यालाच चिकटून राहतो. तो सरळ रेषेत पसरत नाही. घडी घातलेल्या गुणसूत्राचे जे भाग अवकाशात त्याच्या जवळ असतात, तिथे तो आधी पोचतो. २०२१ मध्ये कॅथरिन प्लाथ यांच्या गटाने दाखवलं की, उंदराच्या पेशीत झिस्टचे जेमतेम ५० ठिपके असतात आणि प्रत्येकात दोनच रेणू असतात. एवढ्या थोड्या रेणूंनी हजारभर जनुकं बंद होतात, कारण प्रत्येक ठिपक्याभोवती प्रथिनांचा जमाव गोळा होतो. त्यातलं 'स्पेन' हे प्रथिन सर्वांत महत्त्वाचं. ते जनुकवाचन थांबवणाऱ्या प्रथिनांना बोलावून आणतं. मग डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो, त्या हिस्टोन प्रथिनांवर रासायनिक खुणा उमटतात, गुणसूत्र आवळत जातं आणि शेवटी डीएनएवरही खुणा बसतात. उंदराच्या मूलपेशींत पहिले तीनेक दिवस झिस्ट काढून घेतला, तर जनुकं पुन्हा चालू होतात. त्यानंतर काढला, तरी ती बंदच राहतात.

चालू एक्सलाही राखणदार लागतो. उंदरात हे काम दुसरा आरएनए करतो. झिस्टच्याच जागेवरून, पण डीएनएच्या समोरच्या धाग्यावरून उलट दिशेने उतरणारा हा आरएनए १९९९ मध्ये जिनी ली यांच्या गटाला सापडला. तो असेल, तिथे झिस्टला डोकं वर काढता येत नाही.

झिस्ट आला कुठून, याचं उत्तर २००६ मध्ये फ्रान्समधल्या लोरां ड्यूरे यांच्या गटाने दिलं. कोंबडीत त्याच जागी प्रथिन घडवणारं एक जनुक आहे. सस्तन प्राण्यांच्या एका शाखेत ते मोडलं आणि त्याच्या अवशेषांतून झिस्ट उभा राहिला. ही शाखा म्हणजे वार असलेले प्राणी. कांगारूंसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांत झिस्ट नाही. तिथे स्वतंत्रपणे उगवलेला 'आरएसएक्स' हा आरएनए तेच काम करतो. प्रथिनाऐवजी आरएनएच्या हाती गुणसूत्राची सूत्रं देण्याचा मार्ग उत्क्रांतीने दोनदा निवडला आहे.

झिस्ट हा लांब आरएनएचा नमुना. दुसऱ्या टोकाला आहेत जेमतेम २२ अक्षरांचे सूक्ष्म आरएनए. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी ते कृमीत उघडकीला आणले आणि त्यासाठी २०२४ चं नोबेल पारितोषिक मिळवलं. सस्तन प्राण्यांत हे तुकडे तयार संदेशवाहक आरएनएला चिकटून त्यापासून होणारी प्रथिननिर्मिती आटोक्यात ठेवतात. माणसाच्या निम्म्याहून अधिक प्रथिन-जनुकांवर त्यांचा अंकुश असल्याचं मानलं जातं. २००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटाला एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात तेराव्या गुणसूत्रावरचे असे दोन आरएनए अनेकदा हरवलेले दिसले.

प्रथिन न घडवणारा प्रत्येक आरएनए महत्त्वाचा असतो, असं मात्र नाही. 'मॅलॅट १' हा आरएनए पेशींत विपुल असतो. तरी तो काढून टाकलेले उंदीर धडधाकट जगतात, हे २०१२ मध्ये दिसलं. नुसतं सापडणं हा कामाचा पुरावा नव्हे. आरएनए काढून पाहायचा, परत घालून पाहायचा आणि मगच बोलायचं, ही शिस्त या क्षेत्रात आता रुजली आहे.

या शिस्तीतूनच उपचारांच्या वाटा निघत आहेत. अँजेलमन सिंड्रोममध्ये मुलाला बोलता येत नाही, झटके येतात. पंधराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाची आईकडून आलेली प्रत त्याच्याकडे नसते किंवा सदोष असते. वडिलांची प्रत चांगली असते, पण मेंदूच्या पेशींत एका उलट्या आरएनएमुळे ती गप्प असते. तो आरएनए नष्ट करणारे कृत्रिम धागे उंदरांत उपयोगी पडले आणि आता माणसांवर त्यांच्या चाचण्या चालू आहेत. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र एक जास्त असतं. मॅसॅच्युसेट्समध्ये जीन लॉरेन्स यांच्या गटाने २०१३ मध्ये अशा व्यक्तीच्या पेशींत त्या जादा गुणसूत्रावर झिस्ट बसवला. प्रयोगशाळेतल्या बशीत ते अख्खं गुणसूत्र बंद झालं.

ल्यूपससारखे आजार स्त्रियांना अधिक का गाठतात, यातही झिस्ट पुढे आला आहे. स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या आजारांत पाचपैकी सुमारे चार रुग्ण स्त्रिया असतात. हॉवर्ड चँग यांच्या गटाने २०२४ मध्ये अशा आजाराची प्रवृत्ती असलेल्या उंदराच्या नरांत झिस्ट घातला, पण गुणसूत्र बंद करण्याची ताकद काढून. आजार चेतवल्यावर त्या नरांना माद्यांइतकाच तीव्र ल्यूपससारखा विकार झाला. रुग्णांच्या रक्तातही झिस्टभोवती जमणाऱ्या अनेक प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. ही प्रतिपिंडं मोजून अशा आजारांचं निदान अधिक नेमकं करता येईल, अशी शक्यता या संशोधकांनी मांडली आहे.