काकुरो सोडवताना

सुडोकूत अंक ही नुसती चिन्हं असतात. काकुरोत त्यांची बेरीज करावी लागते. अमेरिकेत डेलच्या मासिकांत ‘क्रॉस सम्स’ म्हणून छापलं जाणारं हे कोडं १९८० च्या दशकात जपानच्या ‘निकोली’ने घरोघरी पोचवलं.

नियम

चौकट शब्दकोड्यासारखी, आडव्या-उभ्या पट्ट्यांची. प्रत्येक पट्टीची बेरीज शेजारच्या काळ्या घरात दिलेली असते. १ ते ९ यांतलेच अंक भरायचे आणि एका पट्टीत एक अंक एकदाच. या शेवटच्या अटीमुळेच कोडं सुटतं.

ठरलेल्या बेरजा

दोन घरांत १० आणायचे तर १-९, २-८, ३-७, ४-६ असे चार मार्ग आहेत. पण ३ म्हणजे १-२च, ४ म्हणजे १-३च. दुसऱ्या टोकाला १६ म्हणजे ७-९ आणि १७ म्हणजे ८-९. तीन घरांत ६, ७, २३ आणि २४, चार घरांत १०, ११, २९ आणि ३० यांनाही एकेकच संच लागतो. एवढं पाठच करावं. पेन्सिल आधी याच पट्ट्यांवर टेकवायची.

छेद

खरी गंमत पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे आहे. दोन घरांची १६ आणि दोन घरांची १७ जिथे भेटतात तिथे ९च येणार, कारण दोन्ही संचांत तोच एक अंक आहे. उरलेल्या घरांत आपोआप ७ आणि ८.

जरा अवघड प्रसंग घेऊ. तीन घरांची २४ म्हणजे ७, ८, ९. तिच्या एका घरातून दोन घरांची उभी १० जाते, म्हणून त्या उभ्या पट्टीच्या दुसऱ्या घरात ३, २ किंवा १. ते दुसरं घर आडव्या ४ मध्येही असेल तर तिथे २ चालत नाही. २ गेला की वरचा ८ही गेला. अंक अजून एकही सापडला नाही, तरी २४ मधला ८ उरलेल्या दोन घरांत आहे हे पक्कं झालं. अशा शक्यता घराच्या कोपऱ्यात बारीक लिहून ठेवाव्यात आणि बाद होतील तशा खोडाव्यात.

लांब पट्ट्या

१ ते ९ ची बेरीज ४५. आठ घरांत ३८ हवे असतील तर ७ सोडून सगळे अंक येणार.

अडलं तर

एखाद्या कोपऱ्यातल्या सगळ्या आडव्या बेरजा मिळवा, मग तिथल्या उभ्या. आडव्या ४१, उभ्या ३५ आणि आडव्यांपैकी एका पट्टीचं एकच घर कोपऱ्याबाहेर जात असेल तर त्या घरात ६. अंदाजाने अंक टाकण्यापेक्षा ही वजाबाकी करावी. नीट रचलेल्या काकुरोला उत्तर एकच असतं, आणि चुकीचा अंदाज बहुधा फार उशिरा उघडा पडतो.