सायकलची निगा : शिकावी कोठे?

सायकल सुरळीत धावत असताना तिचे मोल फारसे जाणवत नाही. २००६ साली बिहार शासनाने नववीच्या विद्यार्थिनींसाठी सायकल योजना सुरू केली. शाळा दूर असल्यामुळे मुलींचे शिक्षण खंडित होऊ नये, हा तिचा हेतू होता. मात्र व्हॉल्व्हवरील बोटाच्या पेराएवढी रबरी नळी फाटली, तरी सायकल जागीच उभी राहते आणि शाळा पुन्हा पूर्वीइतकीच दूर जाते. वाहन मिळणे आणि ते चालू ठेवता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील दुसरी शिकावी कोठे?

नाक्यावरचे गुरुकुल

या विद्येचे पहिले गुरुकुल म्हणजे नाक्यावरचे सायकल दुरुस्तीचे दुकान. दुपारी गर्दी ओसरल्यावर तेथे जावे, कामाचे पैसे चोख द्यावेत आणि काम जवळून पाहू देण्याची विनंती करावी. घमेल्यातील पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुड्यांवरून छिद्र शोधणे, जागा कोरडी करून काचपेपरने घासणे, सोल्युशन लावून ते सुकू देणे आणि मगच ठिगळ दाबून बसवणे, हा क्रम एकदा नीट पाहिला की विसरत नाही. नवशिका सोल्युशन ओले असतानाच ठिगळ चिकटवतो आणि टायरमध्ये रुतलेला काटा काढण्यास विसरतो. मुरलेला कारागीर मात्र टायरच्या आतून आधी फडके फिरवतो.

मापांचे ज्ञान

केवळ पाहून जे कळत नाही, ते वाचून कळते. अमेरिकेतील सायकल कारागीर शेल्डन ब्राउन यांचे २००८ मध्ये निधन झाले; परंतु त्यांनी उभारलेले संकेतस्थळ आजही विनामूल्य वाचता येते. पार्क टूल ही अवजारे बनवणारी कंपनीही आपल्या संकेतस्थळावर दुरुस्तीच्या सचित्र कृती आणि चित्रफिती उपलब्ध करून देते. ही साधने इंग्रजीत असली, तरी चित्रांमुळे बराचसा उलगडा होतो.

अशा साधनांतून मिळणारी माहिती खर्चही वाचवते. नव्या साखळीतील २४ कड्यांची लांबी १२ इंच भरते. वापराने ती १/१६ इंच वाढताच साखळी बदलली, तर दातेरी चक्रे वाचतात. वाढ १/८ इंचापर्यंत जाऊ दिली, तर बहुधा चक्रेही बदलावी लागतात. घरातील साधी मोजपट्टी या तपासणीस पुरेशी आहे.

हाती पाना

तिसरा गुरू म्हणजे स्वतःची सायकल. हवा भरणे, व्हॉल्व्हची नळी बदलणे, साखळीला तेल देऊन जादा तेल पुसणे, ब्रेकची रबरे तपासणे, ही कामे घरी करता येतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, एवढे ध्यानात ठेवावे. अन्यथा सोडवण्याच्या खटपटीत ते अधिकच आवळले जाते. चाकाचा आउट काढणे किंवा छर्रे बदलणे मात्र आरंभी कारागिरावर सोपवावे. काम कोणतेही असो, रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत.

घरातील मुलामुलींच्या हाती सायकलबरोबर पाना आणि ठिगळांची डबीही द्यावी. दुकान बंद असेल त्या दिवशीही शाळेची घंटा वेळेवरच वाजते.