बर्गरचे ३० दिवस आणि कढईतलं तेल

अमेरिकेत २००४ साली प्रदर्शित झालेल्या ‘सुपर साइज मी’ या माहितीपटासाठी मॉर्गन स्परलॉक यांनी ३० दिवस तिन्ही वेळा केवळ मॅकडॉनल्ड्सचे पदार्थ खाल्ले. वजन सुमारे ११ किलोंनी वाढलं, कोलेस्टेरॉल चढलं, यकृतावर चरबी साठली. २०१७ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या मद्यपानाची कबुली दिली. त्यामुळे यकृताचा दोष एकट्या बर्गरवर टाकता येत नाही. वाढलेल्या वजनाचा इशारा मात्र आजही खरा आहे.

अमेरिकेत बर्गर, तशी आपल्याकडे कल्याणची ओळख वड्याची. इथला ‘खिडकी वडा’ घराच्या खिडकीतून विकला जाई, म्हणून ते नाव. लोकल गाठताना उभ्या उभ्या पोट भरणाऱ्याला वडापावाइतका स्वस्त आधार नाही, त्याला नावं ठेवणं मला पटत नाही. काळजी आहे ती तेलाची. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ‘पोलर’ संयुगं साठत जातात. १ जुलै २०१८ पासून देशात त्यांची मर्यादा २५ टक्के आहे. त्यापुढचं तेल तळणीला वापरायचं नाही. काळपट रंग, फेस आणि लवकर उठणारा धूर ही गिऱ्हाइकालाही दिसणारी लक्षणं. तेलाबाबत आणखी एक नियम आहे: वनस्पती तुपासह सर्व खाद्यतेलांतल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे.

मुलांच्या खाण्याबाबत महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर आणि शीतपेयांना मनाई केली. शाळेच्या फाटकाबाहेरची वडापावची गाडी त्या आदेशात येत नव्हती.